उशिराची अंडी

माझ्या पीएच.डी.चा विषय फळमाशीचं म्हातारपण. नातेवाईक ऐकून आधी हसतात, मग लग्नाचं विचारतात. काम म्हणायला सोपं. तरुण माश्यांनी घातलेली अंडी फेकून द्यायची आणि म्हातारपणापर्यंत टिकलेल्या माश्यांचीच अंडी पुढच्या पिढीसाठी ठेवायची. लवकर मरणाऱ्यांचं वाण पुढे जातच नाही, त्यामुळे पिढीगणिक आयुष्य लांबत जातं. मेख अशी की प्रयोग जितका साधेल तितकी पुढची पिढी उशिरा येते. त्यांचं आयुष्य वाढत होतं, ते माझ्यातून जात होतं.

थिसिस लिहून तयार होती. नागपूरच्या एका कॉलेजात नोकरीही मिळाली होती. पण माश्या सांभाळायला दुसरं कुणी मिळेना, आणि त्या असेपर्यंत माझे गाइड सर थिसिसवर सही करेनात. “बेटा, बस एक जनरेशन और,” म्हणायचे. मागच्या उन्हाळ्यातही हेच म्हणाले होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत.

मे महिन्यात लॅबचा एसी बंद पडला. म्हाताऱ्या माश्यांच्या बाटल्या मी खमरियाला घरी आणल्या आणि कूलरसमोर मांडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची अंडी घ्यायची होती. “यांना गरमी सोसत नाही,” असं आईला बजावून मी एसीवाल्याच्या मागे लागायला परत लॅबवर गेले. संध्याकाळी आले तर बाटल्या जागेवर नाहीत.

“काहून हात लावला?” मी ओरडले.

“अगं, कूलरचं पाणी संपलं, नळाला पण नव्हतं. तूच म्हटलं ना, गरमी सोसत नाही. फ्रिजमध्ये ठेवल्या, दह्याच्या बाजूला.”

सगळ्या तळाशी उताण्या पडल्या होत्या. थंडीत माश्या बेशुद्ध होतात, मोजताना आम्हीच त्यांना बर्फावर ठेवतो. पण इतका वेळ, आणि या वयात? बाटल्या ओट्यावर ठेवून मी समोर बसले. खरं सांगते, मनात पहिला शब्द आला तो ‘सुटले’. वाण संपलं की सरांचं म्हणणंही संपलं.

आई दाराशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती. “इतक्या वर्षांची मेहनत माझ्यामुळे गेली बाई. काय करून बसले मी!” ‘मेल्या तर बरंच’ हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिला ते पटलं नसतं, जन्मभर स्वतःलाच कोसत राहिली असती.

मग एकीचा पाय हलला. मग दुसरीचा. थोड्या वेळात म्हाताऱ्या अडखळत काचेवर चढू लागल्या.

“पाहा, चालून राहिल्या! देवाने ऐकलं तुझं!” आईने मला घट्ट धरलं. मला रडू आवरेना आणि ती पाठीवरून हात फिरवत राहिली.

सकाळी मी अंडी गोळा केली. मग नागपूरला कळवलं, यंदा जमणार नाही.