हॉटेलच्या फॉर्मवर आबांचा धंदा

सिनावला मी दर पंधरा दिवसांनी जातो. मस्कतहून गाडीने अडीच तास. माझं काम वजनकाट्यांचं. मासळीच्या, खजुराच्या, किराणा मालाच्या दुकानांतले इलेक्ट्रॉनिक काटे तपासायचे, खोटं बोलणाऱ्याला खरं बोलायला लावायचं आणि वर स्टिकर चिकटवायचं. बुधवारी दुपारी पोचायचं, गुरुवारी बाजार भरतो तो उरकायचा आणि शुक्रवारी सकाळी मस्कतमधल्या वादी कबीरला घरी. इतकी वर्षं हेच चाललंय, त्यामुळे तिथल्या हॉटेलला बायको माझं दुसरं बिऱ्हाड म्हणते.

हॉटेल ते आपलं म्हणण्यापुरतं. खाली टायरचं दुकान, वर चौदा खोल्या. चादर पातळ, टॉवेल एकच, गिझर मनाला येईल तेव्हा तापतो. एसी आधी खोकतो आणि मग कामाला लागतो. पण खोली स्वच्छ असते, खिडकीतून बाजाराचं मैदान दिसतं आणि रिसेप्शनवरचा केरळी माणूस मला न विचारता नऊ नंबरची किल्ली काढून ठेवतो. मला ते हॉटेल आवडतं. पंचतारांकित हॉटेलात एकदा कंपनीच्या कार्यक्रमाला गेलो होतो, तिथे नळ कसा उघडायचा हे कळेपर्यंत जेवण संपलं होतं.

गेल्या हिवाळ्यात आबांना इकडे आणलं. आबा म्हणजे माझे वडील. माणदेशातल्या गावाकडे एकटेच राहतात. आई जाऊन दोन वर्षं झाली. दिवाळीनंतर ते मोरीत पाय घसरून पडले आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तसेच पडून होते. हाड मोडलं नाही हे नशीब. पण फोन ठेवल्यावर मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो आणि आत आलो ते ठरवूनच. मी तीन महिन्यांचा व्हिसा काढला. हिवाळाभर माणूस डोळ्यांसमोर राहील, एवढाच माझा हिशेब.

आबांचा हिशेब वेगळा होता. वादी कबीरच्या फ्लॅटमध्ये त्यांना सगळं मिळायचं आणि काहीच करायला नव्हतं. सकाळी बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे. समोर गॅरेज. शाळेच्या बसेस जायच्या, शाळेच्या बसेस यायच्या. मुलगी दहावीत आहे, ती जाता जाता विचारायची, "आजोबा, तुम्ही टी घेतला?" ते म्हणायचे, "घेतला बाई." इथे दोघांचं बोलणं खलास. आठवड्यात त्यांची मान खाली गेली. जेवणही कमी झालं. नवव्या दिवशी म्हणाले, "पुढल्या रविवारचं तिकीट काढ. मला हितं काय काम हाय?"

मी चिडलो. काम कशाला पाहिजे, आराम करा म्हणालो. ते गप्प बसले. आबा गप्प बसले की समजायचं, त्यांचं ठरलंय. रात्री बायको म्हणाली (ती आबांना मामा म्हणते), मामांना सिनावला घेऊन जा, तेवढाच बदल. मी म्हटलं, तिथे काय आहे, धूळ आणि शेळ्या. ती म्हणाली, आणि इथे काय आहे?

तेव्हा बुधवारी आबा गाडीत माझ्या शेजारी. पांढरं धोतर, वर माझा जुना स्वेटर, डोक्याला टोपी. वाटेत एक अक्षर नाही. एकदाच, रस्त्याकडेला उंट दिसला तेव्हा म्हणाले, "मागला पाय दुखतोय त्याचा." गाडी शंभरच्या वेगात होती.

हॉटेलात पाहुण्याने एक फॉर्म भरायचा असतो. नाव, पासपोर्ट, धंदा. आबांचा फॉर्म मी भरला आणि धंद्याच्या रकान्यात लिहिलं, फार्मर. हात आपोआप तेच लिहितो. आबा काउंटरला टेकून उभे होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी निवांत होतो.

इथे खरं सांगायला हवं. आबा शेतकरी नव्हते. दीड एकर होतं, ते आईने केलं. आबा हेडी होते. जनावरांचा व्यापारी आणि दलाल, त्याला आमच्याकडे हेडी म्हणतात आणि चांगल्या अर्थाने कुणी म्हणत नाही. आठवड्याचे सात दिवस सात गावचे बाजार. बैलाचे दात बघायचे, चाल बघायची आणि मग सौदा. सौदा कधी तोंडाने नाही. दोघांनी हातात हात घ्यायचा, वर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं धरून भाव सांगायचा. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. शेकडा की हजार, ते ज्याचं त्याला कळतं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांतच. आबांचा नियम एकच होता, हात आत असेपर्यंत तोंड बंद.

शाळेत पोरं मला हेड्याचं पोर म्हणायची. हेड्याच्या जिभेला हाड नसतं, असं मास्तरच एकदा वर्गात म्हणाले आणि सगळे माझ्याकडे बघून हसले. पाचवीच्या फॉर्मवर वडिलांचा धंदा विचारला होता. मी लिहिलं, शेती. तिथून पुढे कॉलेजात शेती, पासपोर्टच्या कागदांत शेती, लग्न ठरवताना सासऱ्यांना सांगितलं ते शेतीच. त्या हेड्याच्या पैशावर मी डिप्लोमा केला. लाज वाटायची ती त्यांची. स्वतःची वाटायला बरीच वर्षं लागली.

हॉटेलच्या रिसेप्शनसमोर दोन सोफे आहेत. संध्याकाळी तिथे एक म्हातारा गृहस्थ बसला होता. खांद्यावर चौकड्यांची शाल, हातात काठी. इथिओपियातल्या दिरे दावा नावाच्या शहरातला. शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी. त्याचा माल तिकडून बंदरावर जातो आणि जहाजाने ओमानला येतो. इथला बाजार आपल्या डोळ्यांनी बघावा म्हणून आला होता. हे सगळं त्याने मोडक्या अरबीत सांगितलं, मी त्याहून मोडक्या अरबीत ऐकलं आणि मराठीत आबांना सांगितलं. त्याच्या गावातही असंच हॉटेल आहे म्हणाला. वर खोल्या, खाली दुकान. उंटवाले, कॉफीवाले, कापडवाले सगळे तिथेच उतरतात आणि खोलीपेक्षा पायरीवरच जास्त बसतात. आबा म्हणाले, "आपल्याकडं धर्मशाळेत असंच व्हायचं." त्या दिवसातलं त्यांचं ते सर्वांत लांब वाक्य.

त्याने आबांना स्वतःच्या थर्मासातली काळी कॉफी दिली. आबांनी पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं आणि कप पुढे करून आणखी मागितली.

मग त्याने मला विचारलं, तुझे वडील काय करतात. मी म्हटलं, शेती. आबांनी कपातून वर पाहिलं. शेती या शब्दाला अरबीत काय म्हणतात हे त्यांना कुठून कळणार, असं माझं मला वाटलं.

गुरुवारी पहाटेपासून मैदान भरायला लागलं. मी आबांना नाश्ता दिला, खोलीतून हलू नका म्हणून बजावलं आणि माझ्या काट्यांकडे गेलो. दहाच्या सुमाराला परत आलो तर नऊ नंबर उघडा आणि आबा नाहीत. खाली धावलो. केरळी माणूस म्हणाला, तुमचे अप्पा तर केव्हाच गेले, शालवाल्या म्हाताऱ्याबरोबर. पंच्याहत्तरीचा माणूस, खिशात पासपोर्ट नाही, फोन नाही, मराठीशिवाय भाषा नाही. मी टायरच्या दुकानातून, खजुरांच्या ढिगांतून, बुरखेवाल्या बायकांच्या विणलेल्या पट्ट्यांच्या पथाऱ्यांतून आबा, आबा करत पळत होतो. लोक बघत होते. बघू देत.

जनावरांच्या बाजाराला वर मोठं छप्पर आहे. खाली गोल कठडा. माणसं कठड्यावर बसतात आणि विकणारे शेळ्या धरून गोल फिरवतात, भाव ओरडत. त्या कठड्यावर, पायघोळ दिशदाशा घातलेल्या, वाळवंटातल्या बेदू म्हाताऱ्यांच्या रांगेत, माझे आबा धोतर सावरून बसले होते. शेजारी इथिओपियाचा गृहस्थ. दोघांच्या मध्ये त्याची शाल आणि शालीखाली दोघांचे हात.

मी जवळ जाईपर्यंत खेळ लक्षात आला. एक शेळी समोरून जायची. आबा तिला थांबवायला खूण करायचे, ओठ वर करून दात बघायचे, पाठीवरून हात फिरवायचे. मग दोघे शालीखाली आपापला अंदाज सांगायचे, शेळी कितीला जाईल त्याचा. मग बोली सुटायची. ज्याचा अंदाज जवळचा, तो हसायचा. हे दोघे मात्र काही घेत नव्हते. रियाल म्हणजे काय हेसुद्धा आबांना धड माहीत नव्हतं, पण दोन जनावरं बघितली की बाजार कळतो हे त्यांचं जुनं म्हणणं. पलीकडचा एक बेदू वाकून वाकून शालीत बघायचा प्रयत्न करत होता आणि त्याला काही दिसत नव्हतं.

आणि आबांचा चेहरा. मान वर, डोळे बारीक, ओठ मिटलेले. हा माणूस मी लहानपणी पाहिला होता आणि पोरांसमोर तोंड फिरवून त्याच्यापासून लांब गेलो होतो.

आबा सापडले या आनंदात मला भान राहिलं नाही. त्यांचे हात आत असतानाच मोठ्याने विचारलं, "आबा, किती म्हणाला हा?"

आबांनी असं पाहिलं की मी पाचवीत गेलो. शाल बाजूला झाली, सौदा मोडला. "हात आत असताना तोंड उघडतंय का कुणी," ते म्हणाले. "हेड्याचं पोर हाईस का कोण?"

इथिओपियाच्या गृहस्थाला शब्द कळले नाहीत, पण प्रकरण कळलं. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग त्याने मला कठड्यावर दोघांच्या मध्ये बसवलं. बाजार उठेपर्यंत मी तिथे बसलो. मासळीवाल्याचा काटा त्या दिवशी राहिला तो राहिलाच.

दुपारी खोलीत आबांनी जेवण केलं. दोन माणसांचं. पलंगावर मांडी घालून बसले. मला वाटलं, हीच वेळ. म्हटलं, "आबा, रविवारचं तिकीट नको काढायला. राहा की."

ते उठले, बाथरूममधला एकुलता एक टॉवेल घेऊन आले आणि म्हणाले, "हात दे."

माझ्या हातावर त्यांनी टॉवेल टाकला. आत त्यांचा हात आला. बोटं अजून दाव्यासारखी चिवट. त्यांनी माझी दोन बोटं धरली. काय दोन, हे मला कळलं. दोन बाजार. म्हणजे एक महिना. मी त्यांचा सगळा पंजा धरला, पाच. व्हिसा तेवढाच उरला होता. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि तीन बोटं धरली. मी पंजा सोडला नाही. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी मुद्दामच शिकवलं नव्हतं. एसी खोकत होता. शेवटी त्यांनी चार बोटं धरली आणि घट्ट दाबली.

मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी डोळ्यांनी गप्प केलं. हात अजून आतच होता. ते मात्र बोलले. त्यांचा नियम त्यांनी स्वतःच मोडला, तेवढ्या एका वेळी.

"चार बाजार राहतो. पण खाली त्या कागदावर काय लिवलंयस, ते आधी खोड."

"तुम्हाला काय माहीत काय लिहिलंय?"

"तुझ्या पाचवीच्या कागदावर बी तेच हुतं. मास्तरानं वाचून दाखवलं हुतं मला. तवा तू लहान हुतास, म्हणून काय बोललो न्हाई."

टॉवेलखाली माझा उजवा हात त्यांच्या हातात होता, म्हणून मी डाव्या बाहीने डोळे पुसले. चाळीस वर्षं हा माणूस गप्प होता आणि मला वाटत होतं त्याला यातलं काही ठाऊकच नाही.

आम्ही दोघे खाली गेलो. फॉर्म परत मागितला तर केरळी माणूस म्हणाला, कोण वाचतंय हे, राहू दे. मी म्हटलं, मी वाचतोय. फार्मर खोडलं आणि त्यावर इंग्रजीत लिहिलं, जनावरांचा व्यापारी. आबांनी विचारलं, काय लिवलंस. सोफ्यावर शालवाला गृहस्थ बसला होता, दारात टायरवाला उभा होता. मी मोठ्याने म्हटलं, "हेडी."

आबांनी चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि न कळणारी ती अक्षरं, जनावराचे दात बघतात तशी, एकेक करून बघितली. मग कागद काउंटरवर ठेवला. "आता फोन लाव सूनबाईला," ते म्हणाले. "म्हणावं, तिकीट आता नको."