ताईच्या रिमोटची सुधारित आवृत्ती

बाजारात त्याला सगळे कंडेन्सर म्हणत. रेडिओ खरखरला, पंखा मंदावला, मिक्सर नुसताच गुणगुणायला लागला, काहीही घेऊन जा, तो वस्तू कानाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि नाडी बघितल्यासारखा चेहरा करून सांगायचा, "कंडेन्सर गेलाय." दहापैकी सात वेळा खरंच गेलेला असायचा. उरलेल्या तीन वेळा तो आधी कंडेन्सर बदलायचा आणि मग खरा आजार शोधायचा. त्याचं दुकान एवढं अरुंद होतं की गिऱ्हाईक आत आलं की मालकाला पोट आत घ्यावं लागे.

असा हा माणूस आयुष्यात एकदाच खरा चक्रावला, तो सख्ख्या बहिणीपायी.

ताईने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरचं काम केलं होतं. निवृत्तीनंतर तिची नजर हळूहळू गेली आणि मग गुडघ्यांनीही संप पुकारला. एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. घराचा कोपरान्‌कोपरा तिच्या बोटांना पाठ होता. अडचण होती ती बटणांची. दिव्याचं बटण दाराशी, पंख्याचं खिडकीपलीकडे, गिझरचं न्हाणीबाहेर आणि पाण्याच्या मोटरचं तर थेट खाली, चौदा पायऱ्या उतरून जिन्याखाली. दिवा तुला कशाला, असं कोणी म्हटलं तर ती म्हणे, "मला नकोच. पण येणाऱ्याने काय चाचपडत बसायचं?"

धाकटा भाऊ बँकेत होता आणि त्याच्या घराला लिफ्ट होती. तो दर भेटीत म्हणायचा, "ताई, चल माझ्याकडे. तुला काडी हलवावी लागणार नाही." ताईला नेमकी त्याचीच धास्ती होती. काडी हलवता येतेय तोवर ती आपली आपण हलवावी, असं तिचं म्हणणं. बरीच खडाजंगी होऊन शेवटी तह झाला. कंडेन्सरने बिनतारी रिमोट करून द्यायचा. महिनाभर ताईने त्यावर घर चालवून दाखवलं तर ती इथेच राहणार. मध्येच काही घोटाळा झाला तर लगेचच्या रविवारी धाकटा टेम्पो आणणार.

पहिला रिमोट चार दिवसांत तयार झाला. साबणाच्या डबीत चार बटणं. एकदा दाबलं की चालू, तेच पुन्हा दाबलं की बंद. भिंतीवर एक लाकडी खोकं, त्यात चार रिले, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे छोटे चुंबकी खटके. ते चारही भंगारातले: एक जुन्या स्टॅबिलायझरचा, एक कुठल्याशा फ्रिजचा, एक गाडीच्या हॉर्नचा, आणि चौथा कुठला ते कंडेन्सरलाही आठवत नव्हतं. खोक्यातून वायरी चार दिशांना गेल्या. दिसायला ते सगळं उंदराने केलेल्या घरट्यासारखं होतं.

पण चाललं! दोन आठवडे ताईचं एकही बटण चुकलं नाही. टाकी भरायच्या बेतात आली की मोटर बंद, पाहुणा उंबऱ्यात आला की दिवा चालू. धाकटा येऊन मान हलवून गेला.

एवढ्यावर थांबला तर तो कारागीर कसला? बहिणीच्या घरात आपल्या हातचं भंगार लटकतंय, हे कंडेन्सरला सलू लागलं. तिसऱ्या आठवड्यात त्याने नवी आवृत्ती आणली. डबी तीच, पण भिंतीवर खोक्याच्या जागी पांढरीशुभ्र पेटी, आत एकही हलणारा भाग नाही, झीज नाही, ठिणगी नाही. वर चार लाल दिवे.

"हे बघ ताई, काय चालू आहे ते लाल दिव्यावरून लगेच दिसतं," तो म्हणाला, आणि मग स्वतःचीच जीभ चावली.

"छान आहेत का रे?" ताईने विचारलं.

"एकदम मस्त."

"मग झालं तर."

दुसऱ्याच दिवशी टाकी वाहिली आणि खालच्या शिंप्याच्या इस्त्री करून टांगलेल्या तीन कोटांवर पाणी पडलं. तिसऱ्या दिवशी ताईने थंडगार पाण्याने अंघोळ केली आणि गिझर मात्र तिचं जेवण होईपर्यंत तापत राहिला. चौथ्या दिवशी पुन्हा टाकी. शिंपी कमरेवर हात ठेवून कंडेन्सरच्या दुकानात हजर.

"अहो कंडेन्सर, मी कपडे शिवतो, धुवत नाही. तुमच्या ताईंना सांगा."

कंडेन्सरने सेल बदलले. नव्या पेटीचे सांधे तपासले. शेजारच्या बिनतारी घंटीवर संशय घेऊन ती दिवसभर बंद ठेवायला लावली. शेवटी एक अख्खी दुपार ताईच्या खोलीत बसून त्याने दीडशे वेळा बटणं दाबली. दीडशेच्या दीडशे बरोबर! तो उठून बाहेर पडला की ताईच्या हातात मात्र तोच रिमोट भूत लागल्यासारखा वागे. त्याने सवयीने कंडेन्सरही बदलला. काही फरक पडला नाही. विद्येने हात टेकले.

"दादा, यंत्रात दोष नाही," धाकटा ताईच्या बाहेरच्या खोलीत हळूच म्हणाला. "ताईचं वय झालंय, तिच्या लक्षात राहत नाही. मान्य कर."

कंडेन्सर भांडायला तोंड उघडणार, तोच ताई आतून म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. आण टेम्पो रविवारी."

ती इतक्या सहज हरली, याने तो जास्तच गोंधळला. ही बाई एक्स्चेंजच्या साहेबांशीसुद्धा कधी पडतं न घेणारी. हिला झालं काय?

रविवारी टेम्पो खाली उभा राहिला. धाकटा भांडी बांधू लागला. पांढरी पेटी काढायची होती, पण सामान नेईपर्यंत दिवा तर हवाच, म्हणून कंडेन्सरने पलंगाखाली सरकवलेलं जुनं खोकं पुन्हा जोडलं. चालतंय का पाहायला साबणाच्या डबीचं बटण दाबलं.

टक्‌.

"दिवा लागला," पलंगावरून ताई म्हणाली.

त्याने पुन्हा दाबलं.

"गेला." ती ताठ बसली. "आता मोटर लाव बघू."

खटॅक्‌.

"लागली. अरे, ऐकू येतंय की मला!"

"म्हणजे? तुला काय वाटलं होतं?"

ताई म्हणाली, "तुझी नवी पेटी आली आणि खटक्यांचे आवाजच बंद झाले. बटण लागलं की नाही कळेना, म्हणून पुन्हा दाबायचे. मला वाटलं, डोळे गेले, आता कानही निघाले. कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हटलं, त्यापेक्षा जावं धाकट्याकडे गुपचूप."

"अगं, ती पेटी मुकीच आहे! मीच तशी केली. आवाज नको म्हणून."

"कोणाला नको होता?"

पेटी चांगली होती, खोकं भंगार होतं, हे कंडेन्सरला आजही सिद्ध करून दाखवता आलं असतं.

धाकट्याचा विश्वास बसेना. त्याने डबी हिसकावली आणि बटणं उलटसुलट दाबत सुटला. ताई एकेक ओळखत गेली. गिझर चालू. मोटर बंद. "जड आवाज मोटरचा, गिझरचा जरा चिरका. आणि लागताना आवाज भरीव येतो, सुटताना पोकळ. तीस वर्षं खटके ऐकून भाकरी खाल्ली रे. पंख्याला का छळतोस, तो तर वाऱ्यानेच कळतो."

विसाव्या खेपेला धाकट्याने डबी तिच्या हातात ठेवली. भांड्यांची गाठ सोडायला बसला, पण तोंड उतरलेलंच.

"आता खाली टेम्पोवाल्याला काय सांगू?"

"रिकामा कशाला पाठवतोस?" ताई म्हणाली. "ते लोखंडी कपाट घेऊन जा. दहा वर्षं माझ्या वाटेत उभं आहे, रोज कोपर आपटतं. तुझ्याकडे लिफ्ट आहेच."