डाव्या डोळ्यानं पाहिलेलं पाणी

आमचे हे हट्टी नव्हते असं म्हणाले तर माझी जीभ झडेल. एकतीस वर्षं कॅमेऱ्याच्या दुकानात एकाच काउंटरमागे उभे राहिले आणि त्या काउंटरवर कुणाचं म्हणून ऐकून घेतलं नाही. गिऱ्हाइकाचं नाही, मालकांचंही नाही. घरी माझं ऐकायचे, पण ते भाजी कुठली आणायची एवढ्यापुरतंच.

काउंटर होतं फिल्टरचं, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायच्या काचांचं. त्यातही यांचा जीव एनडी फिल्टरवर. काळी काच असते ती. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मला बसवून तिची माहिती दिली होती. बाकीच्यांचे नवरे त्या दिवसांत काय काय बोलतात, आणि हे मला काच समजावत होते! तर ही काच उजेड अडवते. उजेड कमी झाला की फोटोला वेळ जास्त लागतो, कधी अर्धं मिनिट, कधी पूर्ण मिनिट. तेवढ्या वेळात वाहतं पाणी मऊ होऊन उमटतं, ढग लांबत जातात. डोंगर-नद्यांचे फोटो काढणाऱ्यांचं तिच्यावाचून पान हलत नाही. "पण काचेनं उजेड तेवढा अडवायचा," हे म्हणायचे, "रंगाला हात लावायचा नाही. लावला की ती चोर."

चोर पकडायची यांची पद्धत ठरलेली. नवा माल आला की एकेक काच घेऊन खिडकीशी जायचं. ट्यूबच्या उजेडात कधी बघायचे नाहीत. पांढऱ्या कागदावर काच अर्धी झाकून धरायची. कागद नुसता करडा दिसला तर ठीक. तपकिरी, जांभळट, हिरवट अशी जराशी झाक आली की बाद. मग काच तिरपी करून तिच्यात खिडकीच्या गजाचं प्रतिबिंब बघायचं. गज वाकला की काच सपाट नाही, तीही बाद. शेवटी काचेभोवतीच्या कड्याचे आटे फिरवून बघायचे, कुठे अडकतात का. एवढ्यातून पास झाली की डबीवर पांढऱ्या पेन्सिलीनं बरोबरची खूण. लांबून लांबून लोक यायचे आणि किंमत विचारायच्या आधी विचारायचे, "काकांची खूण आहे ना?"

एकदा मालकांनी रंग मोजायचं यंत्र घ्यायचं काढलं. झालं! तीन दिवस यांनी जेवणाचा डबा तसाच परत आणला. "यंत्राला काय कळतंय? एवढी वर्षं माझ्या डोळ्यावर दुकान चाललंय." मालकांनी बिचाऱ्यांनी यंत्राचा नाद सोडला. त्यांनी तेव्हा यांचं ऐकायला नको होतं.

आमची एकच मुलगी. लहानपणापासून तोंडाचा पट्टा चालू, म्हणून घरात तिला टिटवी म्हणायचे. शाळा सुटली की बापाच्या काउंटरखाली बसून गृहपाठ करायची. पुढे हातात कॅमेरा आला आणि पोरीला पाण्याचं वेडच लागलं. ओढा, नदी, धरणाचा सांडवा, काही चालायचं तिला. पहाटे उठून जायची, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन यायची. मी ओरडायचे, हे हसायचे. रात्री जेवताना बापलेकीचं काचांवरून बोलणं चालायचं आणि मी मध्ये काही बोलले की दोघं मिळून मला वेड्यात काढायचे. मला त्याचा राग यायचा असं नाही. बरंच वाटायचं खरं तर.

ती चोवीस वर्षांची असताना एका प्रकाशन संस्थेनं मोठं पुस्तक काढायचं ठरवलं. एक नदी, उगमापासून मुखापर्यंत, वर्षभर फिरून फोटो काढायचे, आणि सगळे फोटो एकाच माणसाचे. निवडीसाठी ठरलेल्या मुदतीत बारा स्लाइड मागवल्या होत्या. तेव्हा फिल्मचा जमाना. आता म्हणे संगणकावर रंग सुधारतात, पण स्लाइडवर जे उमटलं ते उमटलं, त्याला औषध नाही. टिटवीनं रात्रीची झोप सोडली. यांनी नव्या मालातून तीन दुपारी घालवून तिच्यासाठी एक काळी काच निवडली. डबीवर खूण केली ती नेहमीपेक्षा मोठी. "ही घेऊन जा. हिच्यासारखी दुसरी मिळणार नाही."

पोरगी आठ दिवस नदीवर राहून आली. स्लाइड धुऊन आल्या तशी आम्ही भिंतीवर पांढरी चादर लावली आणि प्रोजेक्टर सुरू केला. पहिलीच स्लाइड धबधब्याची. मी बघतच राहिले. पाणी तपकिरी होतं. चहाचं भांडं विसळलं की जसं दिसतं तसं. दुसरी तशीच, तिसरी तशीच.

"बाबा, रंग असा का आलाय?" टिटवी म्हणाली. "पाणी पांढरंशुभ्र होतं."

हे उठून चादरीपाशी गेले. नाक लावून पाहिलं. "पांढरंच तर आहे."

"नाही हो बाबा. तपकिरी झाक आहे. काचेमुळे तर नाही?"

काचेचं नाव काढलं आणि यांचा पारा चढला. "संध्याकाळचा उजेड धरला असशील."

"सकाळचे सात वाजले होते."

"मग हात कच्चा आहे तुझा! स्वतःचा हात कच्चा असला की माणूस काचेला नावं ठेवतो. माझी खूण आहे तिच्यावर."

 टिटवी माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तुला कसं दिसतंय?"

आता खोटं कशाला बोलू. मला स्वच्छ दिसत होतं. आणि नुसतं पाणीच नाही. वर्षभर मी बघत होते, हे निळा दोरा मागितला तर काळा उचलायचे, पिवळी पडलेली कॉलर बघून "काय पांढरी धुतलीस!" म्हणायचे, पेपर वाचायला दिवसा दिवा लावायचे. मनात यायचं, आणि मी ते झटकून टाकायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. डोळा गेला म्हटल्यावर त्या माणसाकडे दुसरं होतं काय? शिवाय कधी नव्हे ते यांच्या काचेला खोटं ठरवायचं, तेही मी, जिला कॅमेऱ्याचं बटण कुठे असतं हे ठाऊक नाही. मी म्हटलं, "मला काय कळतंय बाई त्यातलं?" आणि चहा टाकायला उठले.

टिटवीनं त्याच स्लाइड पाठवल्या. महिन्याभरात पत्र आलं. मांडणी उत्तम आहे, नजर आहे, पण पाण्याचा रंग मेलेला आहे. दुसऱ्या कुणाची निवड झाली.

पत्र वाचून हे म्हणाले, "मी सांगितलंच होतं." एवढं तरी नको होतं म्हणायला! पोरीनं उलट शब्द काढला नाही. ज्या मुलीच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, ती जेवून उठली आणि ताट घासायला घेतलं. थोड्या दिवसांनी कॅमेऱ्याची पिशवी कपाटावर गेली. वर्षभरात तिला दोन तासांवरच्या गावात शाळेच्या कार्यालयात नोकरी लागली आणि ती तिकडे राहायला गेली. इकडे हे ज्याला त्याला सांगत सुटले, "आमची पोरगी आरंभशूर निघाली. एका नकारानं माघार घेतली." मी ऐकत होते. किती वेळा ऐकलं, त्याला गणतीच नाही.

हे निवृत्त झाले आणि मग चार वर्षांनी डॉक्टरांकडे जायला तयार झाले, तेही जिन्यावरून पडल्यावर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले, किती वर्षं असे वावरताय? आधी डावा करू, उजवा दोन महिन्यांनी.

डाव्या डोळ्याची पट्टी निघाली आणि आमच्या घरात लहान मूल आल्यासारखं झालं. "अगं, ही बादली निळी आहे? एवढी निळी?" माझ्या केसांकडे बघून म्हणाले, "तू इतकी पांढरी कधी झालीस?" मी म्हटलं, तुमच्या संसारात झाले. हसलो दोघं. किती दिवसांनी हसलो होतो.

पाचव्या दिवशी म्हणाले, "टिटवीच्या स्लाइड काढ गं. आता बघू या नीट."  "तिनं नेल्या असतील," मी म्हटलं. पण खोटं बोलायचं तर लपवायला तरी हवं होतं ना! डबा कपाटात समोरच होता. तो घेऊन हे खिडकीशी बसले. धबधब्याची स्लाइड उजेडावर धरली. उजवा डोळा झाकला. मग डावा झाकला. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. बाराच्या बारा स्लाइड अशाच बघितल्या. मी दारात उभी होते, हातात ओला कपडा होता, त्याचं पाणी पायावर गळत होतं.

"उजव्यानं पांढरं दिसतंय," हे म्हणाले. "डाव्यानं तपकिरी."

यांनी शेवटची स्लाइड डब्यात ठेवली.

"काच चोर होती. मी पोरीला काय म्हणालो होतो गं? हात कच्चा म्हणालो ना?"

"जाऊ द्या आता," मी म्हटलं.

"कसं जाऊ देऊ?" असं म्हणाले आणि रडायला लागले. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी पदरानं पुसत होते आणि हे पुन्हा पुन्हा रडत होते.

दुसऱ्या दिवशी जुन्या दुकानात गेले, मला बरोबर घेऊन. काउंटरवर आता मालकांची सून असते. तिनं नऊ काळ्या काचा पुढे ठेवल्या. हे खिडकीशी गेले, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि बघायला लागले. पांढरा कागद, खिडकीचा गज, आटे, सगळं पहिल्यासारखं. एक काच कडेला जरा जास्त काळी आणि मध्ये फिकी, बाद. दुसरीत हिरवट झाक. तिसरीवर पाण्याचा थेंब टाकून पाहिला, तो घरंगळायच्या ऐवजी पसरला. म्हणजे वरचा लेप हलका. दीड तास लागला. आठ बाद केल्या आणि एक घेतली. सुनेनं पांढरी पेन्सिल पुढे केली, यांनी नको म्हणून मान हलवली. "आता यंत्र घ्या," म्हणाले. "माझ्यासारख्या कुणाच्या भरवशावर राहू नका."

रविवारी टिटवीकडे गेलो. दोन खोल्या, स्वच्छ. भिंतीवर शाळेचं कॅलेंडर होतं, फोटो एकही नव्हता. तिनं चहा केला. यांनी डबी टेबलावर ठेवली आणि शाळेतल्या मुलासारखे उभे राहून बोलले. "तुझा हात कच्चा नव्हता. माझा डोळा गेला होता. चूक माझी होती. सगळी माझी."

टिटवी म्हणाली, "बसा ना बाबा. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पत्र आल्यावर मैत्रिणीची काच लावून एक फोटो काढला मी. पाणी पांढरं आलं. तेव्हाच कळलं."

"मग सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी काउंटरवर उभे राहिला असतात का? दोन वर्षं राहिली होती तुमची. म्हटलं, तुम्ही निवृत्त झालात की परत सुरू करू." कपातल्या चहावर साय धरली होती, ती तिनं चमच्यानं बाजूला केली. "मग राहिलंच."

"आता कर. कॅमेरा काढ, बसवून बघू."

"कॅमेरा विकला बाबा. तीन वर्षं झाली."

हे खालीच बसले. टिटवीला ते बघवलं नसावं. तिनं डबी उघडली, काच घेऊन खिडकीशी गेली, शाळेचा कोरा फॉर्म घेतला आणि त्याच्यावर अर्धी काच धरली. अगदी बापासारखी मान वाकडी करून. "मस्त आहे. नुसता करडा. अजिबात झाक नाही."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस," हे म्हणाले. "तुला दिसतंय ते बोल. या घरात कुणीतरी दिसतंय ते बोला."

ते कुणाला लागलं, यांना ठाऊकही नव्हतं. पण मला आता बसवेना. मी म्हटलं, "मला दिसलं होतं. त्या दिवशी, चादरीवर. पहिल्याच स्लाइडला पाणी तपकिरी दिसलं होतं मला. तू विचारलंस आणि मी चहा टाकायला गेले."

हे माझ्याकडे बघत राहिले. टिटवीनं काच डबीत ठेवली, झाकण लावलं. चिडली असती, ओरडली असती, तर मी पाया पडले असते पोरीच्या. ती साधंच बोलली, शाळेत फीची तारीख सांगावी तसं.

"तू तेवढं म्हणाली असतीस ना आई, तर मी परत गेले असते नदीवर. मुदतीला अजून अकरा दिवस होते."