चौथं चित्र

टेलरबाईंच्या दुकानाला पाटी नाही. पुढच्या खोलीची खिडकी उघडी असली आणि मशीनचा आवाज येत असला की दुकान चालू, एवढीच खूण. गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या, त्यामुळे निम्मं बोलणं भुवयांनी चालतं. कोणी कंबर दोन इंच कमी लिहा म्हणालं, की टाचण्या हातात काढून म्हणतात, "लिहिते की. पण शिवून झाल्यावर घालायला कोण येणार, तुमची धाकटी बहीण?"

त्यांची एक सवय आहे. कटिंगच्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात त्या पेन्सिलने लिहून ठेवतात, हा कागद मुळात कोणाच्या अंगावर बेतला. 'बँकेतल्या बाई, उजवा खांदा उतरता.' 'शाळेचे शिपाई, पोट पुढे.' मग तोच कागद आणखी दहा जणांसाठी वापरला तरी ते खोडत नाहीत. एवढ्या काटेकोर बाईच्या हातून पुढे जे झालं ते कसं झालं, असं कोणालाही वाटेल. पण दुकानात काटेकोर असलेलं माणूस घरात तसं नसतं. घरातलं सगळं आपलंच असतं ना!

सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा दोन्ही जावा एकाच घरात राहत होत्या. डावी बाजू गेली. पूर्वी घर हाकणाऱ्या बाई, आता कपडे बदलायचे म्हटलं की आधी रडायच्या, मग शिव्या द्यायच्या. त्यांचं सगळं थोरल्या जाऊबाई करायच्या आणि टेलरबाई मशीनवर बसायच्या. यावरून कुरबुर व्हायचीच. थोरल्या एकदा म्हणाल्या होत्या, "तुझं मशीन वाजतं, म्हणून तुझं काम ऐकू येतं. माझं काम चादरीसारखं. घडी घातली की जणू झालंच नव्हतं."

पण उपाय सुचला तो त्यांनाच. एका सकाळी सासूबाईंचा गाऊन हातात घेऊन मशीनपाशी आल्या.

"याची बाही वरून उघडी ठेवता येईल? गळ्यापासून थेट मनगटापर्यंत? म्हणजे हात आत घालायलाच नको. हाताखाली बाही अंथरायची आणि वरून मिटायची."

टेलरबाईंनी तीनदा कापलं, तीनदा उसवलं. आधी नाड्या लावल्या, त्या गुंतल्या. मग टिचबटणं लावली आणि जमलं. थोरल्यांचा हात चित्राला चांगला. त्या घरात नसल्या की त्यांचे दीर, म्हणजे टेलरबाईंचे यजमान, गाऊन उलटासुलटा चढवायचे, म्हणून त्यांनी घरातल्या रेघांच्या वहीत सहा चित्रं काढून ठेवली. पलंगाच्या कडेला बसलेल्या सासूबाई, घट्ट अंबाडा, धारदार नाक आणि कोणी चुकलं तर बघून घेईन असं तोंड. प्रत्येक चित्राखाली एक ओळ. पहिल्याखाली होतं, 'घालताना आधी अधू हात, मग चांगला. काढताना उलट.'

सासूबाई दोन वर्षांनी गेल्या. घरं वेगळी झाली. थोरल्या दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेल्या. भांडीकुंडी नीट वाटली गेली, वही मात्र कोणाच्या लक्षात आली नाही. ती मशीनच्या खणात राहिली.

पुढे तसला गाऊन मागायला लोक येऊ लागले. कोणाची आई, कोणाचा नवरा. एक बाई तर तीन तासांचा प्रवास करून आली. टेलरबाईंची लेक कॉम्प्युटरवर काम करते. ती म्हणाली, "आई, तू किती जणांना शिवून देणार? कटिंग आणि चित्रं इंटरनेटवर टाकू. खुला परवाना देऊ."

"म्हणजे काय?"

"म्हणजे कोणीही घ्यावं, शिवावं, हवं तर बदलावं. आपल्याला विचारायला नको. फक्त मूळ कोणाचं ते सांगायचं, आणि बदल केला तर तेही सांगायचं."

"मग मी कागदाच्या कोपऱ्यात लिहिते तसंच झालं हे."

लेकीने वहीच्या पानांचे फोटो काढले. साइटवरचा अर्ज भरताना एक प्रश्न आला, तो तिने मोठ्याने वाचला, "हे काम तुमचं स्वतःचं आहे का?"

टेलरबाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी मान हलवली. मग नाकातून म्हणाल्या, "घरचंच आहे. टाक."

वर्षभरात गाऊन कुठल्या कुठे पोहोचला. कोणी भाषांतर केलं, कोणी फोटो पाठवले. लेक जेवताना वाचून दाखवायची आणि टेलरबाई "पुरे गं" म्हणत पुन्हा वाचायला लावायच्या.

मग एका मंगळवारी संध्याकाळी थोरल्या जाऊबाई आल्या. त्यांचा उजवा खांदा काही महिन्यांपासून आखडला होता, हात वर जात नव्हता. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडे जात होत्या. आत आल्या, बसल्या नाहीत. पर्समधून एक छापील कागद काढून मशीनवर ठेवला.

"ती मुलगी मला म्हणाली, बघा आजी, कपडे घालायची सोपी पद्धत. चित्रं बघा, असं करायचं." थोरल्यांचा आवाज चढला नव्हता. "मी बघितलं तर सासूबाई! खाली नाव तुझं."

टेलरबाईंचा पाय मशीनवरच राहिला. "जाऊबाई, मला वाटलं, वही घरचीच..."

"घर होतं तेव्हा घरची."

"तुम्ही नको म्हणाला असतात?"

"ते तू विचारल्यावर कळलं असतं." त्यांनी डाव्या हाताने कागदावर बोट ठेवलं. "हे चौथं बघ. बटणं गळ्यापासून लावत खाली जायचं, असं काढलंय मी. ते चूक आहे. बाही काखेत गोळा होते आणि हात लोंबकळतो. मनगटापासून वर यायचं असतं. मला ते कळलं त्यांच्या शेवटच्या महिन्यांत. तेव्हा वही उघडायची शुद्ध कोणाला होती? ती मुलगी मला माझीच चूक शिकवत होती, धाकटे. अजून किती जणांना शिकवत असेल!"

चहा नको म्हणून त्या गेल्या.

लेकीला सगळं सांगून झाल्यावर टेलरबाई म्हणाल्या, "त्यांचं नाव घाल बाई पटकन. विषय मिटेल."

"नाव घालणं वेगळं आणि परवानगी वेगळी. दिलेला परवाना मागे घेता येत नाही, पण तो लागू होतो आपलं जे असेल त्यालाच. चित्रं मोठ्या काकूची होती. ती आपण देऊच शकत नव्हतो. तिने काढा म्हटलं, तर काढावी लागतील. ज्यांनी छापलीत त्यांनाही कळवावं लागेल."

"हे त्यांना ठाऊक आहे?"

"नसावं."

टेलरबाई बराच वेळ एका शर्टाची कॉलर उसवत बसल्या. नाव घातलं असतं आणि गोड बोलल्या असत्या, तर थोरल्या कदाचित निवळल्याही असत्या. सांगितलं आणि त्या काढा म्हणाल्या, तर तीन तास प्रवास करून येणाऱ्यांना पुन्हा तीन तास यावं लागणार होतं. पण शिवण वाकडी गेली तर वरून इस्त्री फिरवून भागत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत?

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून त्या लेकीला घेऊन गेल्या. वही पिशवीत होती. ती त्यांनी थोरल्यांच्या टेबलावर ठेवली.

"ही तुमची. न विचारता दिली, चुकलंच माझं. तुम्ही म्हणालात तर चित्रं सगळीकडून काढायला लावता येतील. तो हक्क तुमचा आहे. मला न सांगताही भागलं असतं, पण सांगते."

थोरल्यांनी पानं उलटली. सासूबाईंच्या चेहऱ्यावर थोडं थांबल्या. "काढली तर ज्यांना लागतात त्यांनी काय करायचं?"

"नुसत्या कटिंगवर भागवायचं. जमेल तसं."

"भावोजी भागवायचे तसं." त्यांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. "राहू देत. पण चौथं असं राहता कामा नये. आणि माझा खांदा असा. रेघ धड येत नाही."

लेक इतका वेळ फोनमध्ये काहीतरी शोधत होती. तिने फोन पुढे केला. "मोठी काकू, हे बघ. दूरच्या एका नर्सबाईंनी भाषांतर केलंय. त्यांनी चौथं चित्र नवं काढलंय. खाली लिहिलंय, 'मूळ चित्रात बदल केला आहे. बटणं मनगटापासून लावावीत.' आपण नीट वाचलंच नव्हतं. त्यांनीही तोच परवाना दिलाय. त्यांचं नाव घातलं की आपणही घेऊ शकतो."

थोरल्यांनी चष्मा लावला. फोन लांब धरला, जवळ धरला. बटणाची दिशा बोटाने तपासली, मनगटाकडून वर.

"हिनेही कोणाचं तरी केलंय," त्या म्हणाल्या. "त्याशिवाय नाही कळत हे." मग भुवई उचलली. "अंबाडा मात्र चुकवलाय. सासूबाई असला सैल अंबाडा घालून दारातसुद्धा आल्या नसत्या."

"कळवू का त्यांना?"

"नको. तिची म्हातारी वेगळी असेल."

अर्ज पुन्हा भरला. प्रश्न तोच होता. या वेळी टेलरबाईंच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, पण त्यांनी थोरल्यांकडे बघितलं. थोरल्याच म्हणाल्या, "लिही. शिवण हिची. चित्रं माझी, चौथं सोडून. चौथं त्या नर्सबाईंचं. आणि हो, माझी परवानगी आहे."

चहा झाला. निघताना टेलरबाईंनी पिशवीतून टेप काढला. "उभ्या राहा. हात वर जात नाही म्हणता आणि डोक्यावरून घालायचे कपडे वापरता."

"म्हणजे मी आता सासूबाई?"

"तोंड तसंच करा, म्हणजे माप बरोबर येईल."

त्या मापावर बेतलेला कागद मी दुकानात पाहिला आहे. कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलंय, 'थोरल्या जाऊबाई, उजवा खांदा आखडलेला.' आणि त्याखाली दुसऱ्या हातची, जरा वाकडी ओळ आहे, 'बटणं मनगटापासून.'