रूट दोन अधिक रूट पाच

मी ब्लाऊज शिवते. सातपूरला घराच्या पुढच्या खोलीत मशीन आहे, आणि गल्लीतल्या निम्म्या बायकांना कात्री धरायला मीच शिकवलंय. पण शिवणाच्या शिक्षिकेचा कोर्स करायचा म्हटलं, तर फॉर्मवर पहिलंच विचारलेलं: दहावी पास? माझं गणित राहिलेलं. देवळ्याला शाळेत होते तेव्हा नापास झाले, मग लग्न झालं, विषय संपला. आता चाळिशीला टेकल्यावर मुक्त शाळेतून पुन्हा बसले. शिकवायला कोण? नववीतली लेक. देवा रे, त्यापेक्षा छडीवाले मास्तर परवडले!

करणीपाशी, म्हणजे त्या रूटच्या गणितांपाशी, गाडी अडली. रूट पन्नास उणे रूट आठ. आधी फोडायचं: पाच रूट दोन उणे दोन रूट दोन, राहिले तीन रूट दोन. एवढं मला लगेच जमलं. पण पुढे अधिक रूट पाच असलं की माझा हात काही थांबेना. दोन आणि पाच सात, लिहिलंच तीन रूट सात.

"आई, ते वेगळे आहेत. त्यांची बेरीज होत नाही."

"मग उत्तर कुठंय?"

"हेच उत्तर. तीन रूट दोन अधिक रूट पाच. आता सोडून दे."

"असं अर्धवट?"

मला खरंच राग यायचा. हूक लावल्याशिवाय मी कुणाला ब्लाऊज दिलेला नाही, आणि इथे मधला अधिक तसाच लोंबकळत ठेवायचा म्हणे! लेक कपाळावर हात मारायची. शेवटी वैतागून म्हणाली, "झालं की पेन ठेव आणि हातांवर बस." तीन महिने मी हातांवर बसले. शेजारीण हसायची. हसू दे.

परीक्षेत नेमकं तसलंच आलं. फोडलं, वजा केलं, शेवटी रूट पाच उरला. हात शिवशिवायला लागले. मी पेन ठेवलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबले. वर्गावरचे सर जवळ आले, हळूच म्हणाले, "काय झालं ताई, येत नाही का?"

"आलंय सर," मी म्हटलं, "बिघडवू नये म्हणून बसलेय."

निकाल लेकीनेच मोबाईलवर पाहिला. तोंड एवढंसं करून म्हणाली, "गणितात अडतीसच गं, आई."

"अडतीसच काय? पास झालेय मी!" मी ओरडलेच, आणि तिला धरून रडले. मग डोळे पुसले आणि कोर्सचा फॉर्म भरायला घेतला.