बाजाराच्या दिवशीचं वजन

मार्गासनीच्या मायाचं नाव निघालं की रुकसानाच्या पोटात दुखायचं. दोघी एकाच साली कामाला लागल्या. रुकसाना कापूरहोळजवळ अंगणवाडी सेविका, माया एका संस्थेची साधी कार्यकर्ती. पण माया पुण्याला जाऊन समाजकार्य शिकली, कुपोषित मुलांवर संशोधन करू लागली, आणि तालुक्याचे साहेबसुद्धा तिला मॅडम म्हणू लागले. रुकसाना मात्र ‘ओ बाई’ची ‘ओ बाई’च राहिली.

त्यात मायानं आपलाच शोध ढापला, हे तिच्या मनातून जाईना. खोटंही नव्हतं ते. अठ्ठ्याण्णव साली चहा पिता पिता रुकसानाच मायाला बोलून गेली होती, “अंगणवाडीत पोरांच्या वजनाचा दिस नेमका बाजारचा. गरिबाच्या बाया लाकडं विकायला पोरं काखंत मारून भोरला जात्यात. हितं वजन हुतं ते गुटगुटीत पोरांचंच.”

मायानं ते लिहून घेतलं. मग चार वर्षं खांद्याला वजनकाटा अडकवून वेल्ह्याच्या वाड्यावस्त्या तुडवल्या. शेवटी तिचा अहवाल वाचून वरून हुकूम आला, वजनाचा दिवस गावानंच ठरवायचा. पेपरात फोटो मायाचा.

“आयत्या बिळावर नागोबा,” रुकसाना नवऱ्यापाशी फणफणली.

“मग तिलाच इचार की,” पंक्चर काढता काढता उस्मान म्हणाला.

ती गेलीच. भोरला मायाची सभा संपली, तशी अहवाल पुढ्यात आपटून म्हणाली, “ह्यात माझं नाव कुठंय? येका वळीत तरी घालायचं हुतंस.”

मायानं त्यातलं एक पान उघडून दिलं. ‘एका अंगणवाडीत गैरहजर मुलांची वजनं तीन वर्षं अंदाजानं भरली होती. त्यामुळे दोन मुलं दवाखान्यात फार उशिरा पोचली.’

रुकसानानं पान पटकन मिटलं. रकाना कोरा दिसला की वरचे खेकसायचे, म्हणून ती आकडे टाकायची. नुसते आकडे.

“रुकसानाताई, ही वजनं तुमच्याच वहीतली. वरून दोनदा नाव मागितलं, म्या दिलं न्हाई,” माया हळूच म्हणाली. “आभारात तुमचं नाव घातलं असतं, तर त्यांनी तुमच्या वह्या तपासल्या असत्या.”

नोकरी वाचली होती. त्या दोन पोरांची तोंडं डोळ्यांपुढून हलत नव्हती. मायाचे पाय धरावेत, असंही वाटलं. पण एसटीत बसल्यावर पुन्हा तीच जळजळ वर आली. शिक्षणात ती पुढं, नावात ती पुढं, आता माणुसकीतबी तीच. निदान एवढ्यात तरी मागं राहायचं हुतंस, बये.