काख दाखव गा

आमच्या ऑफिसातल्या ताई कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिची काख शोधायच्या. पंख्याचं पातं असो, की कुणाच्या डब्यातली करंजी. मी नोकरीला लागलो त्या दिवशी माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाल्या, "काख दाखव गा." मी घाबरून शर्टाची बाही वर करायला लागलो. अख्खं ऑफिस हसलं. "तुही नाही बाबू, स्क्रीनवरच्या मॉडेलची!"

आमचं काम म्हणजे वस्तूतून हवा कशी वाहील ते कॉम्प्युटरवर मोजायचं. त्यासाठी आधी आतल्या मोकळ्या जागेचे लाखो बारीक डबे पाडावे लागतात. त्याला आम्ही मेश म्हणतो, ताई साधं जाळी म्हणायच्या. सपाट जागी जाळी गुमान बसते. पण दोन पत्रे तिरके येऊन एकमेकांना चिकटले की मधल्या निमुळत्या फटीत डबे चेपून पापड होतात आणि तिथंच सगळं गणित फिसकटतं. ती फट म्हणजे काख.

हा शब्द त्यांच्या बाबांचा. हुडकेश्वरला शिलाईचं दुकान होतं. "बाही जिथं अंगाले भेटते ना, तिथंच कापड ओढते," ताई सांगायच्या. "बाबा तिथं नखाएवढा तुकडा टाकत. मंग हात वर करा, का झाडावर चढा." मॉडेलमध्येही त्या तेच करत. फटीच्या अगदी टोकाशी केसाएवढी पायरी टाकायची, की डब्यांना बसायला जागा मिळते. बाकीचे लोक असले बारीक कोपरे सरळ पुसून टाकतात. ताई पुसण्याआधी विचारायच्या, "थे तिथं काहून आहे?"

मी त्यांची हुबेहूब नक्कल करायचो. कुहीच्या शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केलेला माणूस मी, मला काय अवघड! एकदा चष्मा नाकावर ओढून "थे तिथं काहून आहे?" चाललं होतं आणि ताई मागेच उभ्या. ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आवाज जमला. पण तू उत्तर माहीत असल्यावानी विचारून राहिला."

मग बुटीबोरीच्या एका कूलरवाल्याचं काम आलं. माझे कच्च्या नोकरीचे सहा महिने संपत आले होते आणि हाच रिपोर्ट पाहून ऑफिसचे सर मला पक्कं करणार होते. कुहीत आईनं तर पेढे आधीच वाटून टाकलेले. कूलरच्या पुढच्या प्रत्येक पट्टीला मागून एक बारीकशी तिरकी दुमड होती. जाळी दर वेळी तिथंच फाटायची. तिसऱ्या दिवशी मी वैतागलो आणि सगळ्या दुमडी पुसल्या. जाळी झटक्यात बसली, चित्रं झकास आली, रिपोर्ट कूलरवाल्याकडे गेला.

दोन दिवसांनी ताईंनी मॉडेल उघडलं. "काख कुठी गेली?"

"पुसली. एवढ्याशा दुमडीनं काय होते, ताई?"

मला वाटलं आता रागावतील. त्यांचे तर डोळे चमकले. "मले बी नाही माहीत. चाल, पाहून येऊ!" आणि गाडीवर मागे बसवून थेट बुटीबोरी.

तिथल्या मिस्त्रीकाकांनी ताईंचा प्रश्न ऐकून हातोडी घेतली, चार पट्ट्यांच्या दुमडी ठोकून सपाट केल्या आणि कूलर लावला. हवेबरोबर पाण्याचे थेंब उडाले ते थेट माझ्या तोंडावर. "दुमड थेंब अडवते," काका म्हणाले. "नसली तं गिऱ्हाइकाची गादी वली होते, अन् शिव्या मले बसतात." ताईंनी खाली वाकून, पट्टीमागे बोट घालून त्यांना आणखी अर्धा तास प्रश्न विचारले. मी तोंड पुसत उभा.

परतताना विचारलं, "सरांना तुम्ही सांगाल?"

"जाळी कोणाची?"

"माझी."

"मंग?"

मीच सांगितलं. सरांनी रिपोर्ट परत मागवला आणि माझी कच्ची नोकरी तीन महिन्यांनी लांबवली. आईला काय सांगायचं हे मला कळेना. पुढचे चार दिवस ताई शेजारी बसल्या आणि एकेका दुमडीत तुकडा माझ्याकडूनच टाकून घेतला. स्वतः त्यांनी माउसला हात लावला नाही.

त्यानंतर महिन्याभरातच त्या पुण्याच्या नोकरीवर गेल्या. तीन महिने सरल्यावर सरांनी पक्क्याचं पत्र दिलं आणि पक्कं करायचा माझा फॉर्म दाखवला. जाण्याआधी ताईंनी शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवलं होतं : 'चूक स्वतः सांगितली. ठेवून घ्या.'

मी जिना उतरता उतरता फोन लावला. "ताई, पक्का झालो!"

"वा! आता कायचं काम करून राहिला?"

"एक पंखा आहे."

"काही अडून राहिलं?"

"नाही, एकदम सोपा."

"सोपा? मंग तू अजून पाहिलाच नाही त्याले," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी तसाच जिना चढून वर गेलो. पंखा उघडला, चारही बाजूंनी फिरवला. पात्याच्या मुळाशी, अगदी आत, एक काख होती.